वाशीतली कव्हर नाइट: तिसऱ्या सेटपर्यंत थांबा

दारावरचा माणूस ‘कव्हर’ म्हणतो तेव्हा तो पैशांबद्दल बोलत असतो. एकट्याला हजार, जोडीला दोन हजार, आणि ते सगळे आत खाण्यापिण्यात वळते होतात. आत जी कव्हरं वाजतात त्यांचा हिशेब बिलावर येत नाही, तो इथे मांडतो. कव्हरं म्हणजे दुसऱ्यांची गाणी, त्यातली बरीचशी चाळीस-पन्नास वर्षं जुनी, फोनवर केव्हाही ऐकता येतील अशी. तीच ऐकायला शुक्रवारी संध्याकाळी पाम बीच रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून जावं का? जावं. फक्त कधी पोचायचं आणि कुठे बसायचं हे ठरवून जावं, नाहीतर ‘नुसता गोंगाट होता’ म्हणत परत याल.

जागा म्हणजे वाशी स्टेशनपासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवरची एक ब्रूअरी. नाव मुद्दाम टाळलं आहे, कारण खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्या एका जागेच्या नाहीत. घोडबंदर रोडला जा, बेलापूरला जा, सीवूड्सला जा, जिथे ‘लाइव्ह रॉक नाइट’चा बोर्ड लागतो तिथे थोड्याफार फरकाने हेच सापडतं. बोर्डावर वेळ साडेआठ, पहिला ठोका पडतो सव्वानऊला. तीन सेट, प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे, मध्ये वीस मिनिटांचे दोन ब्रेक. बँड पाच जणांचा: गायक, दोन गिटार, बास, ड्रम्स. कीबोर्ड नाही, आणि ही उणीव दोन गाण्यांत चांगलीच जाणवते.

गडकरी रंगायतनला संगीत नाटक बघायला येणारा मुरलेला प्रेक्षक पुढचं पद कुठलं हे पाठ असूनच येतो. ऑर्गनवर सूर धरला की तो खुर्चीत जरा पुढे सरकतो. चाल त्याला ओळखीचीच हवी असते आणि ‘आज हा कसा घेतोय’ हेही बघायचं असतं. जमलं तर वन्समोअर, नाही जमलं तर मध्यंतरात बटाटेवड्याबरोबर उद्धार. त्याला कुणी ‘कव्हर’ म्हणत नाही एवढंच. रॉकच्या कव्हरचंही मर्म तेच आहे. ऐकणाऱ्याला गाणं जसंच्या तसं हवं असतं आणि जसंच्या तसं नकोही असतं, आणि या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करायच्या असतात.

त्या पुऱ्या होतात, कारण गाण्याचे काही भाग ऐकणाऱ्यांच्या मालकीचे असतात आणि काही वाजवणाऱ्यांच्या. सुरुवातीचा रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), ध्रुवपदाची चाल, सोलोचं (एकट्या वाद्याच्या जागेचं) पहिलं वाक्य, सगळे एकदम थांबतात ती जागा, हे सगळं टेबलांवर बसलेल्यांचं. ते दहावीपासून डोक्यात वाजत आलेलं असतं, तिथे हात लावायचा नाही. कडव्याखालची साथ, सोलोचा मधला भाग, गाणं किती लांबवायचं, कसं संपवायचं, हे बँडचं. तिथे काहीही करा. फसलेली बहुतेक कव्हरं इथेच उलटी होतात: रिफमध्ये स्वतःची करामत, आणि शेवट मात्र रेकॉर्डबरहुकूम. त्यात रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जात असेल तर स्टेजवर ते विरवता येत नाही. मग पाच जण एकमेकांकडे बघत, मान हलवत, कसंबसं एकदाचं थांबतात.

वाशीच्या या बँडला रिफची किंमत कळते, पण संपूर्ण नाही. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला गिटारवाल्याने काही न बोलता पहिले चार सूर सोडले. बारजवळच्या टेबलावर एक बाई मेन्यूकार्ड वाचत होत्या. दुसऱ्या सुराला त्यांचा हात थांबला, चौथ्याला कार्ड टेबलावर पालथं पडलं, आणि ड्रम्स आत यायच्या आधीच अख्ख्या हॉलमधून ‘ओऽऽ’ असा आवाज उठला. ओळखीच्या गाण्याचा हा क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तो गाण्यातून एकदाच मिळतो. त्याच सेटमध्ये पुढच्या तीन गाण्यांना गायकाने माइकवर ‘आता आम्ही अमुक बँडचं तमुक गाणं सादर करतोय’ अशी घोषणा केली, आणि तिन्ही वेळा रिफ आला तेव्हा ताटल्यांचे आवाज ऐकू येत होते. निवेदन आकाशवाणीला शोभतं. कव्हर बँडने गाण्याआधी नाव सांगू नये, ते नंतर सांगता येतं.

आता एकेक गाणं. ‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ गिटारच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात आणि बहुतेक जण तो आयुष्यभर चुकीचा वाजवतात. डीप पर्पलच्या १९७२ च्या अल्बमवर रिची ब्लॅकमोर दोन शेजारच्या तारा एकदम, पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) नव्हे तर बोटांनी, ओढतो, आणि त्या दोन सुरांमधलं अंतर षड्ज-मध्यमाचं आहे. शिकाऊ गिटारिस्ट नेहमीच्या पॉवर कॉर्डने, म्हणजे षड्ज-पंचमाने, वाजवतात. चाल तीच राहते पण आवाज जाडा आणि बोथट होतो, वरून पिकने एक तार आधी आणि एक नंतर लागते, त्यामुळे तो ‘टप्’ असा एकत्र ठोका येत नाही. इथल्या दुसऱ्या गिटारवाल्याने पिक ओठांत धरून बोटांनी वाजवलं. ऐकणाऱ्यांतल्या शंभरातल्या पाच जणांनाही त्याचं कारण सांगता आलं नसतं, पण ‘अगदी रेकॉर्डसारखं’ हे सगळ्यांना वाटलं.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ फसलं. ईगल्सच्या या १९७६ च्या गाण्याची लय मिनिटाला साधारण ७५ ठोक्यांची आहे, म्हणजे चांगलीच सावकाश. ड्रमरने पहिल्याच फेरीत ती ८५ च्या पलीकडे नेली. हा वेग ऐकताना फारसा जाणवत नाही, गायकाला मात्र जाणवतो: ओळीतले शब्द मावेनासे होतात, तो श्वास चोरायला लागतो, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं कुणीतरी मागे लागल्यासारखं धावतं. सुरुवातीची ती बारीक, काचेसारखी गिटार मूळ रेकॉर्डिंगमध्ये बारा तारांच्या गिटारला सातव्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून वाजवलेली आहे. इलेक्ट्रिक गिटारवर कॅपोशिवाय बी मायनर कॉर्ड धरून तो नाद येत नाही. बारा तारांची गिटार प्रत्येकाकडे नसते हे मान्य, पण साध्या गिटारला कॅपो लावून थोडा कोरस (आवाज दुहेरी भासवणारा) इफेक्ट दिला तरी बराच जवळ जाता येतं. आणि शेवटची ती जुगलबंदी. दोन गिटारी एकच वळण वेगवेगळ्या सुरांवरून खाली उतरवत नेतात, त्यात एकाने हात आखडला की दुसऱ्याचं वाजवणं उघडं पडतं. पहिल्या गिटारवाल्याचा भाग पाठ होता. दुसऱ्याने कॉर्ड वाजवत वेळ मारून नेली.

तरीही लोक गायले! ध्रुवपद आलं की या गाण्यात काय चुकलं याची कुणाला पर्वा नसते, आणि समीक्षकांनी हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं.

स्केलचा, म्हणजे पट्टीचा, प्रश्न याहून मोठा आहे, आणि आपल्याकडच्या निम्म्या कव्हर बँडांचा घात तिथेच होतो. गन्स एन’ रोझेसचं ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ घ्या. त्या बँडच्या गिटारी अर्धा सूर उतरवलेल्या असतात. गिटारवर बोटं डी कॉर्डची पडतात, कानाला ऐकू येतं ते डी फ्लॅट. पेटीच्या भाषेत, बोटं पांढरी दोनची आणि सूर काळी एकचा. इंटरनेटवरून टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं याचा तक्ता) उतरवून नेहमीच्या ट्यूनिंगला वाजवलं तर गिटारवाल्याचं काहीच बिघडत नाही, गायकाला मात्र अख्खं गाणं अर्धा सूर चढून गावं लागतं. मुळात ते गाणं गळ्याच्या शेंड्यावरचं. तिथे अर्धा सूर म्हणजे सूर लागणं आणि किंचाळणं यातलं अंतर. वाशीत बँडने पायाने दाबायचं पेडल वापरून गिटारचा आवाज अर्धा सूर खाली घेतला होता. सोय चांगली आहे, तारा उतरवत बसायला नको. पण बासवाल्याने आपला बदल एका मात्रेने उशिरा केला, आणि रिफच्या पहिल्या फेरीत बास पांढरी दोनवर आणि गिटार काळी एकवर अशी जी खडखड झाली ती नवख्यालाही कळली. यावर उपाय सोपा आहे. उतरवलेल्या ट्यूनिंगची गाणी सेटमध्ये सलग ठेवायची आणि पेडल दोघांनी मिळून टाळ्यांच्या वेळात दाबायचं. बँड स्वतःच्या गायकासाठी गाणं आणखी खाली घेत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. सूर उतरवल्याने रसभंग होत नाही, फाटलेल्या आवाजाने होतो.

दुसऱ्या सेटमधलं सगळ्यात जमलेलं गाणं म्हणजे कव्हरचं कव्हर. ‘नॉकिन’ ऑन हेवन्स डोअर’ बॉब डिलनने १९७३ मध्ये एका सिनेमासाठी केलं. जेमतेम अडीच मिनिटांचं, शांत, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. गन्स एन’ रोझेसने ते १९९१ च्या अल्बमवर साडेपाच मिनिटांपर्यंत नेलं आणि स्टेजवर त्याहून लांब. त्याच अल्बमच्या जुळ्या भावावर त्यांनी ‘लिव्ह अँड लेट डाय’ही घेतलं. तेही मूळ १९७३ चंच, तेही सिनेमासाठी केलेलं, पॉल मॅकार्टनी आणि विंग्जचं. १७ मे २०२५ ला गन्स एन’ रोझेस हा बँड महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. आपल्याकडच्या त्याच्या चाहत्यांपैकी कित्येकांना ही दोन्ही गाणी त्याचीच वाटतात. कव्हर इतकं चिकटावं की मूळ मालकाचं नाव सांगितल्यावर लोकांनी वाद घालावा, याहून मोठी दाद कुठली?

वाशीचा बँड ‘हेवन्स डोअर’ची अर्थातच गन्स एन’ रोझेसवाली आवृत्ती वाजवतो. जी, डी, ए मायनर, मग जी, डी, सी, एवढाच मामला. चारच कॉर्ड, म्हणून लोकांना खेळवायला मोकळी जागा भरपूर. ध्रुवपदाच्या तिसऱ्या फेरीला गिटारी बंद, बास बंद, फक्त पायाने वाजणारा किक ड्रम चालू. गायकाने माइक स्टँडला लावून ठेवला आणि दोन पावलं मागे गेला. माइक लोकांकडे फिरवला नाही, ‘एव्हरीबडी’ म्हणून ओरडला नाही. साठ-सत्तर जणांचा आवाज बिनमाइकचा हॉलमध्ये भरला, थोडा बेसूर, पण लयीत. चार फेऱ्या झाल्यावर ड्रमरने एक साधा रोल दिला आणि सगळे परत आले. पाचवी फेरी केली असती तर सैल पडलं असतं. हे मोजून केलेलं होतं, आणि अशी मोजणी तालमीत येत नाही, दहा-बारा कार्यक्रमांनंतर येते.

लहान हॉलचा एक मोठा फायदा इथे लक्षात येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, जिथे २०१९ च्या डिसेंबरात यू-टू आणि २०२५ च्या जानेवारीत तीन रात्री कोल्डप्ले वाजले, स्टेजपासून शंभर मीटरवर बसलेल्याचा आवाज स्टेजवर पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणून स्टेडियममध्ये लोकांचं गाणं कायम मागे रेंगाळतं, आणि ड्रमर कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारे ठोके, घालून बसतो, लोकांकडे लक्ष दिलं तर तोही मागे पडेल. वीस मीटरच्या हॉलमध्ये हाच उशीर एका सेकंदाच्या सतराव्या भागाएवढा. लोक आणि बँड खरोखर बरोबर गातात. शेजारच्याची ओळ चुकलेली ऐकू येते, आणि ती मजा स्टेडियमच्या तिकिटात मिळत नाही.

पण याच वीस मीटरने इथे घोळही घातला आहे. बारच्या वर दोन जादा स्पीकर टांगलेले आहेत, मागच्या टेबलांना ऐकू यावं म्हणून. त्यांना तारेतून सिग्नल एकदमच मिळतो, त्यामुळे ते लगेच वाजतात, आणि स्टेजजवळच्या मोठ्या स्पीकरांचा आवाज साठेक मिलिसेकंद उशिरा येऊन थडकतो. मागे बसलं की स्नेअर ड्रमचा प्रत्येक फटका दोनदा ऐकू येतो आणि गायकाचे शब्द चिकटतात. मिक्सरवर मागच्या स्पीकरांना ५५ ते ६० मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे मुद्दाम केलेला उशीर, टाकला की काम झालं, डिजिटल मिक्सरवर ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. साउंडवाला कामात हुशार दिसला, म्हणजे हे कुणी त्याला सांगितलंच नसावं किंवा मागचे स्पीकर हॉटेलच्या स्वतःच्या यंत्रणेवर असावेत.

तेव्हा बारजवळची टेबलं घेऊ नका. अगदी पुढचंही नको. स्टेजवर अँप नाहीत, दोन्ही गिटारी प्रोसेसरमधून थेट मिक्सरला जातात, आणि मोठे स्पीकर स्टेजपासून पहिल्या टेबलाच्याही थोडे पलीकडे, कडेला आहेत. पहिल्या रांगेत बसलेल्याला ड्रम्स खणखणीत ऐकू येतात, गायक मॉनिटरच्या (बँडकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरच्या) पाठीमागून पुसटसा आणि गिटारी जवळपास नाहीतच. सगळ्यात चांगली जागा साउंडवाल्याच्या टेबलाच्या आसपास, स्टेजपासून सात-आठ मीटरवर, दोन्ही स्पीकरांच्या साधारण मध्ये. जो आवाज जमवतो तो स्वतःला जे ऐकू येतं तेच जमवणार, म्हणून त्याच्या शेजारी बसावं. बुकिंगच्या वेळी ‘मिक्सरजवळचं टेबल’ असं स्पष्ट मागा. देतात.

आता शीर्षकातली गोष्ट. पहिला सेट ऐकून निघून जाणारे बरेच दिसले, आणि त्यांची तक्रार खरी आहे: शब्द कळत नव्हते, सगळं घुमत होतं. एका बाजूला पूर्ण काच, वर काळा रंग मारलेला उघडा स्लॅब, खाली टाइल्स, आणि नऊ वाजता हॉल एक तृतीयांश भरलेला. अशा खोलीत मधला आणि वरचा आवाज भिंतींवरून पुन्हा पुन्हा परत येतो. माणसं आणि त्यांचे कपडे तो आवाज शोषतात. साडेदहाला हॉल भरला की काहीही न बदलता गायन स्वच्छ ऐकू यायला लागतं. शिवाय रिकाम्या हॉलमध्ये केलेला साउंडचेक भरलेल्या हॉलमध्ये थोडा बदलावा लागतो, तो बदल पहिल्या ब्रेकमध्ये होतो. बँडलाही हे ठाऊक असतं, म्हणून पहिल्या सेटमध्ये मऊ, मध्यम लयीची गाणी येतात, ज्यात जेवणाऱ्यांची गप्पांची सोय होते. पहिला सेट हॉटेलसाठी असतो असं समजा.

तिसरा सेट बँडचा. इथे त्यांनी रेकॉर्डबरहुकूम वाजवणं सोडलं. १९६९ ला वुडस्टॉकला जो कॉकरने बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ गायलं, तेव्हा चार मात्रांचं हसतंखेळतं गाणं त्याने सहाच्या संथ झोक्यात नेऊन पार वेगळंच करून टाकलं होतं. गाणं मोडून पुन्हा बांधायचं तर ते कसं, याचा तो आजही चांगला नमुना आहे. या बँडने तीच युक्ती नव्वदीतल्या एका भरधाव गाण्यावर वापरली. लय निम्म्यावर, ठेका जवळजवळ दादऱ्याचा, रिफ मात्र एकाही सुराने न बदलता. आधी लोकांना कळेना, हे ओळखीचं आहे पण नेमकं काय आहे. ध्रुवपदाला उलगडलं आणि हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. त्यानंतर शेवटच्या फेरीत मूळ वेगावर उडी. रात्रीतला सगळ्यात मोठा आवाज त्या उडीला उठला.

सगळंच जमलं असं नाही. एका मेडलीत नऊ गाण्यांचे तुकडे होते, प्रत्येकाचा फक्त रिफ आणि अर्धं ध्रुवपद. हे लग्नाच्या बँजो पार्टीला शोभतं, तिथे वरात पुढे सरकायची असते. इथे प्रत्येक वेळी लोक गायला तोंड उघडणार तोच गाणं बदलत होतं. दुसरं, कीबोर्ड नसल्यामुळे दोन गाण्यांत तो लॅपटॉपवरून वाजवला. अशा आधीच भरून ठेवलेल्या ट्रॅकवर वाजवायचं तर गाण्याचा आराखडा पक्का असावा लागतो. गायकाने उत्साहात एक ध्रुवपद जादा घेतलं, ट्रॅक आपला पुढे सोलोच्या कॉर्डवर निघून गेला, आणि ड्रमरने पाय दाबून ट्रॅक बंद करेपर्यंत दहा-बारा सेकंद दोन गाणी एकाच वेळी चालू होती. लोकांना खेळवायचं असेल तर ट्रॅक नको, ट्रॅक हवा असेल तर लोकांना खेळवू नये.

फर्माइशींची चिठ्ठी वेटरकडे देता येते. एक सूचना: बँडच्या यादीतलंच मागा. यादी मिक्सरच्या टेबलावर चिकटवलेली असते, जाता-येता वाचून घ्या. यादीबाहेरचं मागितलं की बँड भिडेखातर वाजवतो, गायक टॅबलेटवर शब्द शोधतो, डोळे पडद्यावर राहतात, आणि गाणं मरतं.

खाणं ठीक. बटाट्याच्या फ्राइज गरम आल्या, पनीरचं काहीतरी गार आलं. ब्रेकमध्ये ऑर्डर देऊ नका, तेव्हा सगळेच देतात. सेटच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्याला दिली तर दहा मिनिटांत येते. ओळखपत्र जवळ ठेवा, आपल्या राज्यात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, आणि दारावर खरोखर बघतात.

कानांचं मात्र मनावर घ्या. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा जो प्रचलित हिशेब आहे त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. तिसऱ्या सेटला अशा हॉलमध्ये आवाज शंभरच्या आसपास सहज जातो. फोमचे बोळे शब्द खातात. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते सगळा आवाज बऱ्यापैकी सारखाच उतरवतात आणि गाणं कळतं.

हे बघून आपल्या सोसायटीत किंवा कॉलेजात असाच कार्यक्रम ठेवावासा वाटणाऱ्यांसाठी थोडं. उघड्यावर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, म्हणून तीन सेटचा आराखडा विसरा. साडेसातला सुरू करून पावणेदहाला संपणारे दोन सेट ठेवा, आणि जमलेलं गाणं शेवटून दुसरं ठेवा, शेवटचं कापावं लागलं तरी चालेल असं. दुसऱ्यांची गाणी लोकांसमोर वाजवायला गीत-संगीताच्या हक्कांचा परवाना लागतो, तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून घेतात, आणि ती जबाबदारी आयोजकाने बँडवर ढकलू नये. ब्रेकमध्ये रेकॉर्ड लावणार असाल तर रेकॉर्डिंगच्या हक्कांचा परवाना वेगळा. बरेच जण या दोन्हींची गल्लत करतात आणि एकच घेऊन बसतात. कव्हर रेकॉर्ड करून विकायचं असेल तर प्रकरण आणखी निराळं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, मग रीतसर नोटीस आणि रॉयल्टी भरून करता येतं. लाइव्हला ही पाच वर्षांची अट नाही.

तिसऱ्या सेटमध्ये दोन गाजलेल्या कव्हरांच्या मध्ये बँड स्वतःचं एक गाणं सरकवतो. मराठी आहे. आधीच्या गाण्याचंच स्केल, जवळजवळ तीच लय, मध्ये टाळ्यांनाही उसंत नाही, त्यामुळे पहिली अर्धी मिनिटं लोक ओळखीचं समजून माना डोलावतात, आणि ध्रुवपदाला गायला तोंड उघडतात तेव्हा शब्द येत नाहीत. काही जण बारकडे जातात. त्या रात्री मिक्सरजवळच्या टेबलावरच्या दोघांनी साउंडवाल्याला गाण्याचं नाव विचारलं, त्याने यादीवर बोट ठेवून दाखवलं. यादीत त्या जागी गाण्याचं नाव नव्हतं, नुसतं ‘आपलं’ लिहिलं होतं.

शेवटचा ठोका बाराच्या जरा आधी पडतो. ठाण्याकडे जाणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवावी आणि बिल शेवटच्या गाण्याच्या आधी मागवावं, कारण नंतर तिथे स्वाइप मशीन एक आणि टेबलं चाळीस असतात.